निवडलेल्यांची तुकडी

मे महिन्यात एका रात्री दादाचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, आमच्या दोन्ही घरांतला पहिला इंजिनिअर आणि गेली वीस-बावीस वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीत राहणारा. 'जय भीम' झाले, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी झाली आणि मग त्याने मुद्द्याला हात घातला. मुलीला तिथल्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तिला डॉक्टर व्हायचे आहे. विद्यापीठाने तिला 'ऑनर्स कॉलेज'साठीही निवडले आहे. तर तिने ऑनर्सचे वर्ग घ्यावेत की नाही? कोणी म्हणते घे, मान मिळतो. कोणी म्हणते घेऊ नको, मार्क कमी पडतात आणि मग मेडिकलचे दार बंद होते. "तू प्राध्यापक आहेस, तूच सांग," दादा म्हणाला.

मी तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेशाशी माझा काय संबंध? पण ज्या नियमांना आपण निसर्गनियम समजून मान तुकवतो त्यांनाही जन्मतारीख असते, आणि ती शोधणे हे तर माझेच काम आहे. दुसरे असे की 'निवडलेल्यांची तुकडी' हा विषय निघाला की माझ्या पोटात अजून कालवाकालव होते. त्याचे कारण पुढे येईल. म्हणून दादाला आठ दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते दादापुरते ठेवण्याजोगे वाटले नाही, म्हणून हा लेख.

अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टरकी सुरू होत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, ती कोणत्याही विषयात चालते. 'प्री-मेड' हा तिथे विषय नाही, ती वाट आहे. त्या वाटेवर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र हे विषय प्रात्यक्षिकांसह चांगल्या श्रेणीत पार करायचे, मग एम.कॅट. नावाची परीक्षा द्यायची, प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडायची आणि अर्ज करायचा. दरवर्षी पन्नास हजारांवर मुले अर्ज करतात आणि बावीस-तेवीस हजारांना जागा मिळते. ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटातले छोटे कॉलेज. निवडक विद्यार्थी, लहान वर्ग, शेवटी एक प्रबंध, कुठे वेगळे वसतिगृह, तर कुठे विषय निवडताना पहिला मान.

या दोन्ही गोष्टी आल्या कुठून?

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेव्हा त्यांच्याजवळ कोणत्याही कॉलेजची पदवी नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंचे कौतुक आपल्याकडे भरपूर झाले आहे, त्यात मला भर घालायची नाही. मुद्दा एवढाच की त्या काळी अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाचा उंबरठा ठेंगणा होता. त्याच महाविद्यालयातून त्यांच्या आधी एकोणीस वर्षे, म्हणजे १८६७ मध्ये, रिबेका कोल ही काळी स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. ठेंगण्या उंबरठ्यावरून भोंदूही आत येत होते हे खरे. फी भरली की प्रमाणपत्र हातात ठेवणारी, प्रयोगशाळा नसलेली, रुग्णाचे तोंड न दाखवणारी महाविद्यालये तिथे गल्लोगल्ली होती. १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याने प्रथमच पदवीची अट घातली.

ही अट देशभर नेणारा माणूस डॉक्टर नव्हता. अब्राहम फ्लेक्सनर हा केंटकीतील लुईव्हिल गावचा शाळामास्तर. स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. मोठ्या भावाने पैसे घातले म्हणून हॉपकिन्समध्ये शिकला, आणि पदवी दोन वर्षांत उरकून परत आला, कारण तिसऱ्या वर्षाचा खर्च परवडणारा नव्हता. ही कथा आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली वाटावी. कार्नेगी प्रतिष्ठानाने त्याला वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करायला सांगितले. अमेरिका आणि कॅनडातली १५५ महाविद्यालये त्याने पायाखाली घातली आणि १९१० साली अहवाल दिला. रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र यांसह निदान दोन वर्षांचे कॉलेज झाल्याखेरीज कोणाला वैद्यकीय प्रवेश देऊ नये, ही त्याची मुख्य मागणी. आजचे प्री-मेड हे त्या मागणीचे अपत्य. पुढच्या पंचवीस वर्षांत निम्म्याहून अधिक महाविद्यालये बंद पडली.

बंद पडली ती बहुतेक बंद पडण्याच्याच लायकीची होती, असे म्हणून इतिहासकार पुढे जातात. आपण तिथे थांबले पाहिजे. अहवालात काळ्या लोकांच्या वैद्यकीय शिक्षणावर एक प्रकरण आहे, जेमतेम दोन पानांचे. तेव्हा काळ्यांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. फ्लेक्सनरने त्यांतली दोनच राखण्याजोगी ठरवली : वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी. काळ्या डॉक्टराने आपल्या लोकांत स्वच्छतेचे काम करावे, शस्त्रक्रियेच्या मोठेपणाच्या मागे फार लागू नये, आणि त्याला शिकवणे आवश्यक का, तर काळ्यांचा रोग गोऱ्यांच्या वस्तीत पसरू नये म्हणून, असा त्या पानांचा आशय आहे. न्यू ऑर्लिन्सचे फ्लिंट महाविद्यालय १९११ मध्ये मिटले. फ्लेक्सनरच्या स्वतःच्या लुईव्हिल गावातलेही गेले. १९२३ पर्यंत पाचही संपली. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे काळ्या अमेरिकेच्या वैद्यकीय शिक्षणाचा जवळजवळ सगळा भार दोन संस्थांवर होता. ही पाच महाविद्यालये टिकली असती तर आणखी पस्तीस हजारांवर डॉक्टर घडले असते, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. त्याच वर्षी अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्या पुरस्कारावरून फ्लेक्सनरचे नाव काढून टाकले.

फ्लेक्सनरला खलनायक ठरवून मला समाधान नाही. रसायनशास्त्र न शिकलेल्या डॉक्टराच्या हाती माझ्या आईचा गुडघाही मी देणार नाही. अट चुकीची नव्हती. पण ज्यांच्या गावात हायस्कूलच नाही त्यांना दोन वर्षांचे कॉलेज करून या म्हणणे, आणि त्या कॉलेजाची सोय कोणी करायची यावर गप्प बसणे, याला काय म्हणायचे? उंबरठा हातभर वाढवला, पायरी मात्र बोटभरही बांधली नाही. गुणवत्तेच्या नावाने झालेला हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे. १९८१ आणि १९८५ साली गुजरातेत राखीव जागांविरुद्ध आंदोलने उसळली. त्यांतल्या पहिल्याची ठिणगी वैद्यकीय पदव्युत्तर जागांवरूनच पडली होती, आणि तेव्हाही तोंडी शब्द होता तो गुणवत्तेचाच.

आता ऑनर्स. हा शब्द इंग्रजांच्या ऑक्सफर्ड-केंब्रिजचा, तिथून तो आपल्याकडेही आला. अमेरिकेत त्याला घर मिळवून दिले ते फ्रँक आयडलॉट याने. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेला हा प्राध्यापक १९२१ मध्ये स्वार्थमोर कॉलेजचा अध्यक्ष झाला आणि १९२२ मध्ये त्याने ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. शेवटची दोन वर्षे निवडक विद्यार्थ्यांना नेहमीच्या वर्गातून सुट्टी. आठवड्याला चर्चासत्र, तेही मूठभरांचे, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक. सर्वांना एकाच चालीने चालवणाऱ्या शिक्षणात हुशार मुलाची कोंडी होते, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नाही. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही ते पटेल.

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या हुशार मुलांची एकाएकी काळजी वाटू लागली. मग ऑनर्स छोट्या खासगी कॉलेजांतून सरकारी विद्यापीठांत शिरला. मिशिगन स्टेटने ऑनर्स कॉलेज १९५६ मध्येच काढले होते, ओरेगॉनने १९६० मध्ये काढले, आणि १९८० नंतर तर राज्याराज्यांत पीक आले. यामागचे एक कारण उघड व्यवहाराचे आहे. नामांकित खासगी कॉलेजांकडे जाणारी हुशार मुले राज्यातच थांबावीत म्हणून विद्यापीठे त्यांना वेगळी खोली, वेगळे नाव आणि शिष्यवृत्ती देऊ करतात. पुतणीला आलेले पत्र मी वाचले. त्यात अभ्यासापेक्षा वसतिगृहाचे वर्णन जास्त होते.

एक योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रिन्स्टनच्या ज्या उच्च अध्ययन संस्थेत आइन्स्टाइन होता तिचा पहिला संचालक फ्लेक्सनर, आणि १९३९ मध्ये त्याच्या खुर्चीवर आला तो आयडलॉट. प्री-मेडचा जनक आणि ऑनर्सचा जनक एकामागोमाग एकाच खुर्चीत. दोघांचा विश्वास एकच : उत्तम तेवढे वेचून घ्या. काळ्या समाजातही हा विचार होता. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये समाजातील प्रतिभावान दहावा हिस्सा उरलेल्यांना वर काढील असे मांडले होते, आणि उतारवयात, १९४८ मध्ये, त्यांनी स्वतःच त्या मांडणीची फेरतपासणी केली. वेचलेला माणूस मागे वळून पाहीलच याची खात्री कोण देणार?

आता माझी कहाणी, थोडक्यात. २००४ साली दहावी झाल्यावर मी मराठवाड्यातल्या एका शहरात अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. वडील बाजार समितीत हमाल. मी डॉक्टर व्हावे हे त्यांच्या डोक्यात एका दवाखान्याच्या ओसरीवर बसून राहिल्यामुळे आले होते. कॉलेजात दहावीच्या मार्कांवर तुकड्या पाडल्या. 'अ' तुकडीला सकाळचे जादा तास, दर रविवारी परीक्षा, शंका विचारायला सरांचे घर उघडे. मी 'ड' तुकडीत. आमच्याकडे सर यायचे, फळ्यावर गणित लिहायचे, तास संपला की जायचे. कोणी अपमान केला नाही. आमच्याकडून कोणाला काही अपेक्षाच नव्हती. त्यापेक्षा अपमान बरा.

मी समाजकल्याणच्या वसतिगृहात राहत होतो. त्या मजल्यावर आम्ही पाचजण मेडिकलची तयारी करीत होतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाचही खोल्यांत दिवे असत. आणि पाचहीजण आपापल्या भिंतीकडे तोंड करून तेच गणित सोडवीत असू. मला लाज वाटे की मला येत नाही हे शेजारच्याला कळेल, आणि शेजारच्यालाही तीच लाज. २००६ च्या सीईटीत पाचांपैकी एकही लागला नाही. पुढे मी कलाशाखेला गेलो, इतिहासात रमलो, नेट झालो, नोकरी लागली. तक्रार नाही. पण त्या पाच दिव्यांचा अर्थ मला पुढची अनेक वर्षे कळला नव्हता. तो कळला तो यंदा मे महिन्यात, दादाच्या प्रश्नामुळे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाचा गणिताचा तरुण संशोधक होता. कॅल्क्युलस हा पहिल्या वर्षाचा विषय म्हणजे विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक या सर्वांची वेस. तिथे काळी मुले मोठ्या प्रमाणावर नापास होत, चिनी वंशाची मुले उत्तम पास होत. का? प्राध्यापकांना विचारले तर उत्तरे तयार होती : काळ्या मुलांना जिद्द नाही, पाया कच्चा, घरी शिक्षणाचे वातावरण नाही. ही उत्तरे मराठीत भाषांतर न करताही आपल्याला पाठ आहेत. ट्राइझमनने ती मानली नाहीत. त्याने वीस काळी आणि वीस चिनी मुले निवडली आणि महिनोन्महिने त्यांच्या मागे हिंडला, ती अभ्यास कसा करतात हे नुसते पाहण्यासाठी.

त्याला दिसले ते असे. काळी मुले मेहनती होती. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेली होती. शिक्षकाने आठवड्याला आठ तास अभ्यास करा सांगितले की ती बरोबर आठ तास करीत, आणि एकटी करीत. अभ्यास एकीकडे, मित्र दुसरीकडे, मध्ये भिंत. चिनी मुलेही आठ तास एकटी बसत, पण त्यानंतर संध्याकाळी एकत्र जमत, जेवणखाण करीत, एकमेकांच्या वह्या तपासत, थोरल्या भावंडांनी जपून ठेवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत. त्यांचे तास चौदाच्या घरात जात. आणि मुख्य म्हणजे एखादे गणित कोणालाच सुटले नाही तर त्यांना कळे की गणितच अवघड आहे. एकट्या मुलाला वाटे की आपणच मठ्ठ आहोत.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बाहेर चक्कर मारून आलो.

१९७८ मध्ये ट्राइझमनने कार्यशाळा सुरू केल्या. कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग असे नाव त्याने त्यांना दिले नाही. नापास होण्याची भीती ज्यांच्याबद्दल बाळगली जात होती त्याच मुलांना त्याने बोलावले आणि सांगितले की हा ऑनर्सचा कार्यक्रम आहे, इथे नेहमीपेक्षा अवघड गणिते मिळतील आणि ती गटात बसून सोडवायची आहेत. कार्यशाळेत आलेली काळी मुले न आलेल्यांच्या कितीतरी पुढे गेली. शब्द तोच, ऑनर्स. अर्थ मात्र उलटा केलेला.

न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे फ्लिंट महाविद्यालय जिथे मिटले त्याच शहरात, झेवियर नावाचे काळ्या मुलांचे छोटे कॅथलिक विद्यापीठ आहे. तिथे रसायनाचे प्राध्यापक कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून हीच वाट धरली. उन्हाळी वर्ग, विज्ञानातल्या शब्दांची घोकंपट्टीसुद्धा, रसायनाच्या सगळ्या तुकड्यांना एकच कार्यपुस्तिका, अभ्यासगट, आणि अर्ज भरायच्या कितीतरी आधीपासून हाताला धरून चालवणारे सल्लागार. तिथे येणारी मुले काही हार्वर्डने पळवावीत अशा मार्कांची नसत. तरी अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सर्वांत जास्त काळे विद्यार्थी पाठवणारे विद्यापीठ म्हणून या छोट्या संस्थेचे नाव वर्षानुवर्षे पहिले आले. बाल्टिमोरजवळ फ्रीमन ह्राबाउस्की यांनी १९८८ मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्तीचा कार्यक्रम उभारला. तोही निवडलेल्यांचाच, पण एकमेकांना सोबत घेऊन पार होणे ही तिथली शिस्त. हे ह्राबाउस्की १९६३ च्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या मोर्चात बारा वर्षांचे असताना तुरुंगात गेले होते.

मग दादाला काय सांगायचे? आठ दिवसांनी मी फोन केला, आणि पुतणीलाही बोलावून घेतले. पहिली गोष्ट व्यवहाराची. वैद्यकीय प्रवेशाच्या मध्यवर्ती अर्जात ऑनर्सच्या वर्गातला 'बी' हा 'बी'च धरला जातो. वर्ग अवघड होता म्हणून वजन वाढत नाही. प्रवेश मिळवणाऱ्यांची सरासरी चारपैकी ३.७ च्या वर असते, तेव्हा केवळ नावासाठी ऑनर्सचे सेंद्रिय रसायन घेऊन श्रेणी घालवणे हा वेडेपणा. ऑनर्सची पदवी असलीच पाहिजे असेही महाविद्यालये म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट : तीनशे मुलांच्या वर्गात प्राध्यापकाला तुझे तोंड माहीत नसते, वीसजणांच्या वर्गात असते, आणि शिफारसपत्र तोंड माहीत असलेलाच लिहू शकतो. प्रबंधाच्या निमित्ताने प्रयोगशाळेत जागा मिळत असेल तर तेही सोडू नये. म्हणून ऑनर्समध्ये जा, पण विषय पाहून. चर्चासत्र घे, रसायन साधे घे. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : तिथे गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत संध्याकाळी एकत्र बसणारी मुले शोध. ऑनर्सच्या वर्गात सापडली तर उत्तम. तिथे जो तो आपले मार्क झाकून बसत असेल तर ती तुकडी तुझ्या उपयोगाची नाही, मग तिचे नाव काही असो.

तिसऱ्या गोष्टीवर दादा गप्प झाला. मग म्हणाला, "गटात बसणं तुला सोपं वाटतं." त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला उशिरा कळला. दादा तिकडे गावावरून पाडलेले आडनाव लावतो. तिथल्या भारतीयांच्या गणेशोत्सवात, वाढदिवसात, मूळ कुठले, आडनाव काय, हे विचारले जाते आणि उत्तर ऐकून काही घरांचे दरवाजे हळूच लोटले जातात. २०२३ मध्ये सिएटल शहराला जातीय भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. प्री-मेडच्या वर्गात भारतीय मुले पुष्कळ असतात. म्हणून दादाने मुलीला लहानपणापासून शिकवले होते : आपला अभ्यास आपण करावा, फार कोणात मिसळू नये. माझ्या वसतिगृहातला तो भिंतीकडे तोंड केलेला दिवा सात समुद्रांपलीकडे नेऊन दादाने आपल्या मुलीच्या टेबलावर ठेवला होता. त्याला दोष कसा देऊ? मीही तसाच बसत होतो.

"दादा, आपण पाचजण एकेकटे बसलो आणि पाचही राहिलो," एवढेच मी म्हणालो. तो त्या वसतिगृहात कधी नव्हता, पण 'आपण' म्हटलेले त्याला चालले.

इकडे आमच्या कॉलेजातही २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचे तर पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के हवेत. त्या बैठकीत मी विचारले की पंचाहत्तरपर्यंत पोचवण्याची सोय काय. प्रश्न कार्यवृत्तात नोंदवला गेला. तूर्त मी बुधवारी आणि शनिवारी सायंकाळी वर्ग उघडा ठेवतो. विज्ञानाच्या मुलीही येतात, मला त्यांचे गणित येत नाही, मी नुसता बसतो. चहा सांगतो.

ऑक्टोबरमध्ये पुतणीचा संदेश आला. ऑनर्सचे एकच चर्चासत्र घेतले आहे, रसायन साध्या वर्गात आहे, पहिल्या चाचणीत मार्क जेमतेम आहेत. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर मंगळवारी सहाजण बसतात, दोन काळ्या मुली, एक व्हिएतनामी मुलगा, एक गोरा, एक तेलुगू मुलगी आणि ती. तेलुगू मुलीने आडनाव विचारले होते. काय सांगितलेस, असे मी विचारले. तिने लिहिले, "खरं. मग आम्ही सातवा प्रश्न घेतला."